भागीचं बाळंतपण

सासूला घरात ठेवून घ्यायचं म्हणून मी ससे आणले. हे सांगितलं की आमच्या वाडीतल्या बायका अजूनही तोंडाला पदर लावतात. सासू कधी एकदाची लेकीकडे जाते याची वाट बघणाऱ्या सुना त्यांनी पुष्कळ पाहिल्यात. ती जाऊ नये म्हणून धडपडणारी मीच पहिली असेन.

आत्याबाई, म्हणजे माझी सासू, फार प्रेमळ बाई असेल असं कुणाला वाटत असेल तर तो गैरसमज आधीच दूर करते. सकाळी चुलीत काटकी गेली की त्यांचं तोंड सुरू. जाळ जास्त, मीठ कमी, भाकरीचा काठ जाड. मीही ऐकून घेणाऱ्यातली नाही. भोरात वाढलेली, दहावी पास झालेली, बोलायला लागले की थांबायचं कुठं हे मला कुणी शिकवलं नाही. चौदा वर्षं आम्ही रोज भांडलो आणि त्यातला एकही दिवस वाया गेला असं मला वाटत नाही. आमचे मालक पहाटे टेम्पो घेऊन खोऱ्यातले दुधाचे कॅन गोळा करत नसरापूरला जातात ते दिवेलागणीला परत येतात. आल्यावरही चार शब्द बोलले तर खूप झालं. मुलगा माझ्या माहेरी शाळेला. म्हणजे गुंजवण्याच्या त्या घरात दिवसभर आम्ही दोघीच. त्यातली एक गेली तर दुसरीनं भांडायचं कुणाशी?

आत्याबाईंचं नाव सगुणाबाई. चाळीस वर्षं त्या या खोऱ्यातल्या सुईण होत्या. राजगडाच्या पायथ्यापासून पार वरच्या धनगरवाड्यांपर्यंत कुणाला कळा लागल्या की आधी आमच्या दारात माणूस यायचं. मग रस्ता झाला, जीप आली, नर्सबाई घरोघर फिरून सांगू लागल्या, आणि बायका वेल्ह्याला नाही तर भोरला दवाखान्यात जाऊ लागल्या. ते चांगलंच झालं, हे आत्याबाईही कबूल करायच्या. पण आता कुणाला पोर झालेलं त्यांना कळायचं ते पेढा आल्यावर. माझंच बाळंतपण भोरच्या दवाखान्यात झालं, तेही पोट फाडून. निर्णय माझ्या आईचा होता, पण आत्याबाईंनी तो कायमचा माझ्या नावावर लिहून ठेवला.

दोन हजार तीन सालच्या दिवाळीत माझी नणंद चंद्राबाई माहेरी आली. तिचं शिवऱ्याला हायवेवर हॉटेल आहे, दिवसभर माणसांची वर्दळ. ती म्हणाली, "आई, चल माझ्याकडं. गल्ल्यावर बस नुसती. चार माणसं भेटतील."

आत्याबाई म्हणाल्या, "येते की. हितं तरी माझं काय काम हाय? भिंती मोजत बसायचं."

मी आत भाकरी थापत होते. बाहेर जाऊन ‘राहा’ म्हणावं असं मनात आलं, पण आमच्या घरात असलं बोलायची रीतच नाही. मी दारात गेले आणि तोंडातून निघालं ते असं की ट्रंकेला चांगलं कुलूप लावा, हायवेला चोऱ्या फार होतात.

त्याच आठवड्यात मालक टेम्पोचं मागचं फाळकं जोडून घ्यायला भोरला गेले होते. तिथं फिरोजभाईंचं वेल्डिंगचं दुकान आहे, आणि दुकानामागे त्यांनी हौसेनं ससे पाळलेत. रात्री जेवताना मालक म्हणाले, "एक मादी महिन्याला विते म्हणं." त्यांच्या हिशेबानं हे फार मोठं भाषण झालं. माझा घास हातातच राहिला. महिन्याला एक बाळंतपण. दोन माद्या घेतल्या तर घरात सुईणीला बसायला फुरसत नाही.

दुसऱ्याच दिवशी मी टेम्पोत बसून भोर गाठलं. फिरोजभाईंनी विचारलं, "वहिनी, कशासाठी पाळायचे?"

"सासूसाठी," मी म्हणाले.

"चांगलं हाय. म्हाताऱ्या माणसाला मऊ मटण सोसतं."

त्यांचा गैरसमज मी काढत बसले नाही. एक करडा नर, दोन पांढऱ्या माद्या आणि त्यांनीच वेल्ड केलेले तीन जाळीचे पिंजरे घेऊन मी घरी आले. सोबत त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलेला एक कागद दिला. त्यावर सशांच्या संगोपनाचे पंधरा नियम होते.

आत्याबाईंनी ट्रंक आवरता आवरता बघितलं. "ह्ये काय उंदीर उचलून आणलंस?"

"महिन्याला एक बाळंतपण असतंय, आत्याबाई. मला त्यातलं काय कळत न्हाई."

"जनावराला सुईण लागत न्हाई," असं म्हणून त्या आत गेल्या. पण संध्याकाळी मी पाण्याची कळशी घेऊन आले तेव्हा त्या गोठ्यात पिंजऱ्यापुढे उकिडव्या बसल्या होत्या. माद्यांची नावंही ठेवून झाली होती. अंगानं भरलेली ती ठकी, लाजरी ती भागी. नर नुसता बसून खात होता म्हणून त्याचं नाव कारभारी. शिवऱ्याला निरोप गेला की ह्या सशांचं तेवढं एक बाळंतपण बघते आणि मग येते.

मग त्या सशांच्या मागे अशा लागल्या की मला भांडायलाही वेळ मिळेना. ओला लसूणघास टाकायचा नाही, पोट फुगतं. सकाळी कापायचा, सावलीत सुकवायचा आणि संध्याकाळी घालायचा. शेवरीचा पाला मोजका. पाणी रोज बदलायचं. रोज सकाळी त्या पिंजऱ्याखालच्या लेंड्या निरखून बघायच्या. वाटाण्यासारख्या गोल आणि कोरड्या असल्या की तब्येत उत्तम. एकदा कारभाऱ्याच्या कानात खपली दिसली तर मालकांना अर्ध्या वाटेवरून परत बोलावून वेल्ह्याच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे पिटाळलं आणि खरजेचं इंजेक्शन द्यायला लावलं. मालकांचं दूध त्या दिवशी उशिरा पोचलं. त्यावर ते एक शब्दही बोलले नाहीत, पण ते तसेही बोलले नसतेच.

पहिला घोटाळा लग्नात झाला. कागदावर स्पष्ट लिहिलं होतं की मादीला नराच्या पिंजऱ्यात न्यावे. आत्याबाईंना ते पटेना. "आपल्यात नवरदेव नवरीच्या दारात येतो. नवरी कुठं उठून चालती व्हय?" मला वाटलं, कागद खरा की चाळीस वर्षांची सुईण खरी? आम्ही कारभाऱ्याला उचलून ठकीच्या पिंजऱ्यात सोडला. मिनिटभरात केसांचे पुंजके उडाले. ठकीनं त्याला कोपऱ्यात घेऊन असा बडवला की तो बिचारा पाण्याच्या भांड्यात जाऊन बसला. फिरोजभाईंचा टेम्पोबरोबर निरोप आला, "मादी तिच्या घरात कुणाला घेत न्हाई. नवरीला सासरी पाठवा."

मग ठकीला सासरी पाठवली. मी पदर खोचेपर्यंत काम झालं, आणि कारभारी एका अंगावर धपकन पडला. मला वाटलं, मेला. आत्याबाई हसल्या, दिवाळीनंतर पहिल्यांदाच. "न्हाई गं, संसाराला लागला त्यो." भागीनं मात्र तीन आठवडे दाद दिली नाही. चौथ्यांदा नेली तेव्हा ती कशीबशी तयार झाली.

बाराव्या दिवशी मादीचं पोट चाचपून बघावं, सरावानं जमतं, असा एक नियम होता. आत्याबाईंनी ठकीला मांडीवर घेतलं, डोळे मिटले आणि अंगठा आणि दोन बोटं पोटाखाली हळूहळू फिरवली. मी त्यांना बाळंतिणीपाशी कधी बघितलं नव्हतं. त्यांचा चेहराच वेगळा झाला होता. "सात हायती," त्या म्हणाल्या. "बोराएवढाली."

एकतिसाव्या दिवशी ठकी व्याली. पिलं बरोबर सात. लाल, उघडी, डोळे मिटलेली, करंगळीएवढी. आम्ही पिंजऱ्यात ठेवलेल्या लाकडी पेटीत आईनं स्वतःच्या पोटाचे केस उपटून गादी केली होती. ‘सगुणाबाईंनी बोटानं सात सांगितली आणि सात निघाली’ ही बातमी दुपारपर्यंत सगळ्या वाडीत झाली आणि बायका बघायला येऊ लागल्या. आत्याबाई प्रत्येकीला पेटी उघडून दाखवत होत्या. त्या दिवशी त्या दहा वर्षांनी लहान दिसत होत्या. खोटं कशाला बोलू, मलाही अभिमान वाटत होता.

आता नववा नियम सांगते. ‘व्यायल्यावर मादीला एकटे सोडावे.’ मी तो वाचला होता. पण आमच्या खोऱ्यात बाळंतिणीला एकटं सोडणाऱ्या घराला लोक नावं ठेवतात. तिला शेक द्यायचा, धुरी द्यायची, चार बायकांनी उठून-बसून तिच्याजवळ राहायचं, ही आपली माणुसकी. आत्याबाईंनी ठकीला सगळं रीतीनं केलं. पिंजऱ्याखाली निखाऱ्यांची शेगडी. ओवा आणि बाळंतशेपा टाकून धुरी. त्यात माझ्या लक्षात आलं की ठकी दिवसभर पिलांकडे ढुंकून बघत नाही, लांब कोपऱ्यात पाठ करून बसते. मीच म्हणाले, "कसली आई ही. लेकरं उपाशी मरतील." मग आम्ही दोघींनी तिला धरून उताणी केली आणि पिलं सडांना लावली. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. ठकी मागचे पाय आपटायची. आम्हाला वाटायचं, पहिलटकरीण आहे, शिकेल.

पाचव्या दिवशी पाचवी पुजली. पाटा-वरवंटा मांडला, सटवाईला घुगऱ्यांचा नैवेद्य केला, दिवा लावला, अकरा बायका आल्या. कुणीतरी पेटी उघडायला हात घातला आणि ठकी जी उधळली ती थेट पेटीत पडली, आणि पिलांवर नाचली. चार तिथंच गेली. उरलेली तीन दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत गेली.

मला रडू आवरेना. आत्याबाई रडल्या नाहीत. शेवरीच्या बुडाशी त्यांनी स्वतः खड्डा काढला. माती लोटताना एवढंच म्हणाल्या, "तीनशेच्या वर पोरं काढली म्या. एका घरची सात कधी गेली न्हाईत."

दोन दिवसांनी फिरोजभाई मोटारसायकलवर आले. त्यांना मीच निरोप धाडला होता. ओट्यावर बसून ते हळू आवाजात म्हणाले, "मावशी, ससा म्हंजे सगळ्यांनी मारून खायचं जनावर. आई पिलांपाशी बसून ऱ्हायली तर मुंगसाला, कोल्ह्याला वास लागतो. म्हणून ती लांब बसते. दिवसातनं एकदा जाते, पहाटंचं, पाच मिनटं पाजते आन् परत लांब. माया न्हाई म्हणून न्हाई. माया हाय म्हणून."

आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "एवढं जनावराला कळतं," त्या म्हणाल्या, "आन् मला कळलं न्हाई." त्याच दिवशी त्यांनी चंद्राबाईला निरोप पाठवला, संक्रांत झाली की येऊन ने.

मी म्हणाले, यात माझीही चूक आहे, निम्मी तरी. त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. त्या पिंजऱ्यांकडे फिरकेनाशा झाल्या. वाईट म्हणजे त्यांनी भांडणंही सोडलं. भाकरीचा काठ जाड झाला, काही नाही. जाळ मोठा झाला, काही नाही. एक दिवस मी मुद्दाम आमटीत मीठच घातलं नाही. त्यांनी निमूट खाल्ली, हात धुतले आणि उठल्या. मी चुलीपाशी बसून राहिले.

भागीला कारभाऱ्याकडे नेऊन तेव्हा पंधरा दिवस झाले होते. मी तिला उचलून आत्याबाईंपुढे धरली. "तेवढं चाचपून सांगा."

"माझा हात नगं लावायला," त्या म्हणाल्या आणि तोंड फिरवलं.

मग मीच चाचपलं. मला पोटात नुसतं पोटच लागलं. आधीच ती नरापाशी नाखूश होती, त्यात बोटाला काही लागेना. मी ठरवलं की ही रिकामी आहे. ठकीची लाकडी पेटी राखेनं घासून, कढत पाण्यानं धुऊन उन्हात वाळत टाकली होती, ती तशीच ओट्यावर राहिली. भागीच्या पिंजऱ्यात मी पेटी ठेवलीच नाही.

संक्रांतीचं वाण झालं, कर झाली, आणि शनिवारी चंद्राबाई जीप घेऊन येणार असं ठरलं. शनिवारी उजाडताना मी घास घेऊन गोठ्यात गेले. थंडी अशी की बोटं वळत नव्हती. भागीच्या पिंजऱ्यात उघड्या जाळीवर आठ पिलं पसरली होती. काळीनिळी, ताठ. भागी कोपऱ्यात कापत बसली होती. मी आधी भागीला शिव्या दिल्या, मग स्वतःला दिल्या, त्या जास्त दिल्या. मग पिलं सुपात गोळा केली आणि शेवरीकडे निघाले.

आत्याबाई ओट्यावर बसल्या होत्या. नवं लुगडं, डोक्याला तेल, शेजारी कुलूप घातलेली ट्रंक. "काय हाय सुपात?"

"भागीची. मेलीत सगळी."

"दाव."

"आता काय दावायचं, आत्याबाई? पेटी ठेवली न्हाई म्या. माझ्यापायी गेली."

"दाव म्हणते ना." त्यांनी बोटाच्या मागच्या बाजूनं एका पिलाला स्पर्श केला, मग दुसऱ्याला. मग त्या उठल्या. "मेलीत कुणी सांगितलं तुला? गार पडल्यात. आधी ऊब दे, मग बोल."

चार पिलं त्यांनी नव्या लुगड्याच्या पदराखाली चोळीत घातली आणि चार माझ्या हातात दिली. "छातीशी धर. चुलीम्होरं बस. हलू नगंस." आम्ही दोघी चुलीपुढे बसलो, चोळीत प्रत्येकी चार ससे घेऊन. त्या वेळी कुणी आलं असतं तर काय म्हणालं असतं कुणास ठाऊक. बराच वेळ काही झालं नाही. माझ्या अंगाला नुसता गारवा लागत होता. आत्याबाई डोळे मिटून बसल्या होत्या, आणि त्यांचा तो वेगळा चेहरा मी पुन्हा बघत होते.

मग माझ्या छातीशी काहीतरी वळवळलं. अगदी बारीक.

"आत्याबाई, हललं."

"माझी दोन हलत्यात कवाधरनं," त्या म्हणाल्या. "तू गप बस."

आठातली सहा हलली. दोन गारच राहिली. ती त्यांनी फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवली आणि कामाला लागल्या. पेटी आणायला लावली, तळाला भाताचा सुका पेंढा अंथरायला लावला. "भागीनं केस उपटलं न्हाईत. धर तिला, घट्ट नगं, नुसती धर." मी धरलं. त्यांनी भागीच्या पोटाचे केस चिमटीनं हळूच ओढले. व्यालेल्या मादीचे केस आपोआप सुटून येतात, तसे ते मूठभर सुटले. त्यानं गादीही झाली आणि सडंही मोकळी झाली. सहाही पिलं त्या केसांत ठेवून पेटी पिंजऱ्यात सरकवली, समोर गोणपाट सोडलं.

मी शेगडी आणायला वळले. सवय, दुसरं काय. आत्याबाईंनी नुसतं माझ्याकडे बघितलं. मग त्या गोठ्याच्या बाहेर आल्या, दारात पाट टाकला आणि हातात काठी घेऊन बसल्या.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"आता काय न्हाई करायचं."

चाळीस वर्षं ही बाई बाळंतिणीच्या उशापासून हलली नव्हती. आता दाराबाहेर बसणं हेच तिचं काम होतं, आणि ते तिला किती जड जात होतं हे मला दिसत होतं. हात सारखे शिवशिवत होते. काठीची साल सोलून सोलून त्यांनी काठी पांढरी केली.

दहाच्या सुमाराला जीप आली. चंद्राबाई उतरली ती बोलतच. हॉटेलात भटारखान्यापर्यंत ओरडायची सवय, तिला हळू बोलता येतच नाही. ड्रायव्हरनं ओट्यावरची ट्रंक उचलून जीपमध्ये ठेवलीसुद्धा. "चल आई, दुपारच्या गर्दीच्या आत पोचायला पायजे. हितं दारात काय बसलीस? बघू तरी आत."

आत्याबाईंनी काठी दारात आडवी धरली. "बाळंतीण हाय आत. हळू बोल."

"ससा तर हाय."

"असू दे. पहाटं पाजंल ती. पाजली का न्हाई ते बघितल्याबिगर मला हलता यायचं न्हाई."

"म्हंजे मी मोकळी जाऊ? एवढ्या लांबनं आले ती?"

"चहा पी आन् जा."

चंद्राबाईनं माझ्याकडे बघितलं. मी चुलीकडे गेले. वन्संचा राग काही खोटा नव्हता, आई तिचीही आहेच. चहा पिऊन ती तणतणत जीपमध्ये बसली. "उद्या सकाळी येते. उद्या काय ऐकणार न्हाई. ट्रंक ऱ्हाऊ दे गाडीत." जीप गेली, त्याबरोबर ट्रंकही गेली. आत्याबाईंचं सगळं सामान शिवऱ्याला आणि आत्याबाई गोठ्याच्या दारात. रात्री त्या तिथंच गोधडी घेऊन आडव्या झाल्या.

रविवारी चांगलं फटफटल्यावर त्यांनी मला हाक मारली. चुलीवर हात शेकले, मग भागीच्या पेटीतला पेंढा हाताला चोळला, म्हणजे माणसाचा वास कमी लागेल. गोणपाटाचा एक कोपरा उचलला आणि केस बाजूला केले. पाच पिलांची पोटं टरटरीत भरली होती. कातडीतून आतलं पांढरं दूध दिसत होतं. सहाव्याचं पोट चपटं होतं.

"ह्याला धरून पाजायचं का?" माझा हात पुढे गेलाही.

आत्याबाईंनी माझं मनगट धरलं. "मधी सरकव त्याला. उबेत. उद्या बघू." त्यांनी केस परत पांघरले आणि गोणपाट सोडलं.

आम्ही बाहेर आलो. आता जीप येणार होती. मी काही ठरवलं नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं.

"आत्याबाई, जाऊ नका."

त्या थांबल्या.

"कामासाठी न्हाई म्हणत. ससं ऱ्हावोत नाय तर जावोत. तुमी नसला तर मला ह्या घरात करमायचं न्हाई. एवढंच हाय."

"ह्ये दिवाळीत का बोलली न्हाईस?"

मी गोठ्याकडे बघितलं.

"ससं त्याच्यापायी आणलंस व्हय? मला ठिवायला?"

मी मान हलवली.

"येरवी तोंड केवढं चालतं तुझं," त्या म्हणाल्या. "आन् एवढं एक बोलायला ठकीची सात जावी लागली."

डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते मी पुसलंही नाही. त्यांनी हातातली काठी भिंतीला टेकवली आणि माझ्या डोक्यावरून एकदा हात फिरवला. त्या हाताला अजून पेंढ्याचा भुसा होता. तेवढ्यात खालच्या वळणावर जीपचा हॉर्न वाजला, आणि गोठ्यात भागीनं पाय आपटला.

"पळ," आत्याबाई म्हणाल्या. "चंद्राला सांग, गाडी तिथंच उभी कर. आन् ट्रंक उतरून घे."